‘ही गोष्ट घरी सांगू नका’

जालन्याहून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, साठेक किलोमीटरवर आहे. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आपण बहुतेक सारे त्याच जिल्ह्याचे. आजही भोकरदन, अंबड, परतूर, मंठ्याची मुले बारावी झाली की बहुधा त्याच शहराची वाट धरतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी फार्मसीला, कुणी नुसतेच स्पर्धा परीक्षेच्या नावावर. एका खोलीत चार-चार मुले, मेसचा डबा, आणि जुम्मा पढायला जवळची मस्जिद. आईवडिलांना एवढ्याचे समाधान असते की पोरगा नमाजी आहे, वाईट संगतीला लागलेला नाही.

याच शहराच्या कडेला एका गटाची वस्ती आहे. गटाचा प्रमुख शकील बिन हनीफ. तो मूळचा बिहारमधल्या दरभंग्याकडचा. पुढे दिल्लीत राहिला. आपणच महदी आणि आपणच मसीह, असा त्याचा दावा आहे. दिल्लीनंतर त्याने आपले ठाणे औरंगाबादला हलवले आणि त्याला मानणारी कुटुंबे वेगवेगळ्या प्रांतांतून ‘हिजरत’ म्हणून इथे येऊन राहिली. दारुल उलूम देवबंदसह अनेक ठिकाणच्या उलेमांनी हा दावा इस्लामी अकीद्याच्या बाहेरचा ठरवला आहे आणि लोकांना सावध करणारी पत्रके, पुस्तिका काढल्या आहेत.

त्या अकीद्याचे खंडन मी इथे करणार नाही. ते काम जाणकारांनी केले आहे आणि ज्यांना हवे त्यांनी ते आपल्या मस्जिदच्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावे. कुणी काय मानावे याला राज्यघटनेच्या कलम २५ चे संरक्षण आहे, हेही मला ठाऊक आहे, आणि या गटावर कुठल्या गुन्ह्याचा आरोपही मी करत नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. नमाज पढणारा, अभ्यासात बरा, आईचे ऐकणारा मुलगा अशा दारापर्यंत पोचतो कसा? आणि तो पोचल्याचे कळल्यावर आपण घरचे लोक काय करून बसतो?

सुरुवात दाव्यापासून होत नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. ‘अमुक माणूस महदी आहे, चला बैअत करा’ असे पहिल्या दिवशी कुणी म्हटले तर आपला मुलगा हसेल आणि चप्पल घालून निघून येईल. उलेमांनी या गटाच्या पद्धतीबद्दल जे लिहिले आहे त्यात क्रम साधारण असा दिसतो. असरच्या नमाजीनंतर कुणीतरी गोड बोलणारा, आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा तरुण ओळख काढतो. दीनची गोष्ट करतो. जग किती बिघडले आहे, मुसलमानांची काय अवस्था झाली आहे, हे सांगतो, आणि त्यात खोटे काही नसतेच. मग आखेरच्या काळाच्या हदीसींकडे बोलणे वळते. दज्जालची निशाणी ही, आणि बघा, आजची ही यंत्रे, हे बलाढ्य देश, सगळे जुळते की नाही? मुलाने या हदीसी नीट कधी ऐकलेल्या नसतात. मकतबमध्ये त्याने नाजरा केलेला असतो, दुआ पाठ केलेल्या असतात. कयामतच्या निशाण्यांवर कुणी त्याच्याशी तासभर बसून बोललेले नसते. इथे पहिल्यांदा कुणीतरी त्याला समजूतदार माणूस मानून बोलत असतो. ही ओढ फार मोठी आहे, तिला हलके समजू नये.

आणि मग, बरेच दिवसांनी, एक वाक्य येते. ‘ही गोष्ट अजून घरी सांगू नका.’ कधी ‘मौलानांना विचारू नका, ते जळतात’ असे. कधी ‘तुमचे ईमान अजून कोवळे आहे, लोक फिरवतील’ असे काळजीच्या सुरात.

माझ्या मते धोक्याची खरी खूण ती हीच. महदीवरचा विश्वास, तोंडावरची दाढी, कपड्यांचा रंग यांत ती शोधत बसू नये. अकीदा कितीही वेगळा असो, जो माणूस तो उघड सांगतो, त्याच्याशी वाद होईल, भांडण होईल, पण त्याचा इलाज आहे. जो आधी तुमच्या आणि तुमच्या आईच्या मध्ये पडदा टाकतो आणि मग शिकवायला सुरुवात करतो, त्याला ठाऊक असते की आपला माल उजेडात विकला जाणार नाही. आणि गुपित एकदा पोटात ठेवले की माणसाचे घरातले वागणे आपोआप बदलते. तो कमी बोलतो, सुटीत उशिरा येतो, लवकर जातो. घरच्यांना वाटते पोरगा बदलला. पोराला वाटते, घरचे आपल्याला समजत नाहीत, ‘भाई’ मात्र समजतात. दोघांनाही आपापल्या जागी पुरावा मिळत जातो.

स्वप्ने आणि शतके

घरात आणखी एक शब्द ऐकू येतो, इस्तिखारा. ‘आमच्यावर विश्वास ठेवू नका, तुम्ही स्वतः इस्तिखारा करा, अल्लाह तुम्हाला दाखवेल.’ किती प्रामाणिक वाटते हे बोलणे! पण जो मुलगा महिनाभर रोज रात्री एकाच माणसाबद्दल ऐकतो आहे, झोपताना त्याचाच विचार करतो आहे, त्याच्या स्वप्नात दुसरे कोण येणार? शेतकऱ्याला मृगात पावसाचीच स्वप्ने पडतात. इस्तिखारा ही दोन चांगल्या, जायज गोष्टींत निवड करताना रब्बकडे मागितलेली भलाईची दुआ आहे. अकीद्याचा निकाल स्वप्नावर लावायला ती शिकवलेली नाही. स्वप्न पडायलाच हवे, असेही त्यात काही नाही.

स्वप्नांनी काय होऊ शकते याचा सर्वांत भयानक दाखला तर खुद्द मक्केतला आहे. २० नोव्हेंबर १९७९, हिजरी १४०० चा पहिला दिवस. फजरच्या नमाजीनंतर जुहैमान अल-उतैबी नावाच्या माणसाने आपल्या हत्यारबंद साथीदारांसह मस्जिद-ए-हराम ताब्यात घेतली आणि आपला मेहुणा मुहम्मद अल-कहतानी हाच महदी असल्याचे जाहीर केले. हे लोक बेदीन नव्हते. दीनचे शिक्षण घेतलेले, दीनसाठी घर सोडलेले तरुण त्यांत होते. गटातल्या एकेकाला स्वप्ने पडू लागली होती की कहतानी हाच तो. एकाला पडले, त्याने सांगितले, मग दुसऱ्यालाही पडले. शेवटी एवढ्या स्वप्नांपुढे शंका घेणे म्हणजेच ईमानाची कमतरता वाटू लागली. दोन आठवडे अल्लाहच्या घरात गोळीबार चालला. शेकडो माणसे मेली, ज्याला महदी म्हटले तोही मेला. जानेवारी १९८० मध्ये त्रेसष्ट जणांना मृत्युदंड देण्यात आला.

हिजरी १४०० चा पहिलाच दिवस त्यांनी निवडला, हा योगायोग नव्हता. शतक बदलले की अशी चाहूल लागते, हे आपल्याच मुलुखात पूर्वीही घडले आहे. जौनपूरचे सय्यद मुहम्मद यांनी मक्केत महदी असल्याचे सांगितले ते हिजरी ९०१ मध्ये. त्यांचे अनुयायी महदवी. पुढे हिजरी १००० जवळ आले तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखान नावाचा महदवी सरदार सर्वेसर्वा झाला. त्याने लहानग्या इस्माईल निजामशहाला गादीवर ठेवले आणि आपला पंथ राज्याचा पंथ केला. दोनेक वर्षांतच, १५९१ मध्ये, म्हणजे हिजरी ९९९ मध्ये, रोहिणखेडच्या लढाईत तो मारला गेला. हे रोहिणखेड आपल्या भोकरदनच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात आहे. तिथे खुदावंदखान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मस्जिद आहे. सुटीत मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे ही. सोबत इतिहासही सांगता येईल.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. महदवी समाज आजही हैदराबाद, कर्नाटक, गुजरातेत आहे आणि शांतपणे नांदतो. हैदराबादचे प्रसिद्ध वक्ते नवाब बहादूर यार जंग महदवीच होते. तेव्हा वेगळा पंथ दिसला की तो घातकच, असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. त्यांच्या श्रद्धेशी आपले मतभेद आहेत, पण त्यांच्या गल्लीत कुणी आपल्या मुलाला ‘घरी सांगू नको’ म्हणत नाही. रोहिणखेडला रक्त सांडले ते श्रद्धा आणि सत्ता एका माणसाच्या हातात गेली, आणि त्या माणसाला ‘चुकताय’ म्हणणारे कुणी उरले नाही, तेव्हा.

शिकलेला फसत नाही?

‘माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो असल्या नादी लागणार नाही,’ असे म्हणणारे वडील हमखास भेटतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून इसिसकडे निघून गेले. त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. एकाने घरच्यांसाठी चिठ्ठी मागे ठेवली होती. घरच्यांनी ती वाचली तेव्हा तो देशाबाहेर होता. दुसरी गोष्ट जपानची. तिथल्या ओम शिनरिक्यो पंथाने २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. माणसे मेली, हजारो बाधित झाले. वायू सोडणाऱ्यांत एक हृदयशस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, बाकीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकलेले. अक्कल कमी होती म्हणून ते गेले नव्हते. आयुष्याला मोठा अर्थ हवा होता आणि तो एका माणसाने तयार करून हातात दिला, म्हणून गेले.

उलट अडाणी, कष्टकरी माणूस अशा गटांत कमी दिसतो, असे मला वाटते. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात पाळी करणारा, किंवा दसऱ्यानंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारा माणूस महदीच्या निशाण्या ऐकायला रिकामा नसतो. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आता बियाणे आणि पोलादवाल्यांसाठीच उरली आहे म्हणा! कष्टकऱ्याच्या घरात पडदा टाकणारा वेगळा असतो. तो आजारपणातून येतो.

आता याबद्दल बोलताना आपल्याच लोकांकडे बोट जाईल, पण बोलले पाहिजे. लेकराला फिट येते, सून गप्प गप्प राहते, लग्नाला सहा वर्षे होऊन मूल नाही. आधी तालुक्याचा डॉक्टर, मग औरंगाबादचा, पैसे संपतात. मग कुणीतरी आमिलचे नाव सांगते. आमिलही सुरुवात कुरआनच्या आयतींनीच करतो. मग करणी कुणी केली ते सांगतो, आणि करणी करणारी नेहमी घरातलीच असते, जाऊ नाही तर नणंद. मग येते तेच वाक्य. ‘कुणाला सांगितले तर असर जाईल.’ इथे पंथ नाही, वस्ती नाही, बैअतही नाही. पण एक बाई आपल्या सासरपासून, माहेरपासून, डॉक्टरपासून तुटते आणि एका माणसाच्या हुकमात राहते. छोटा, एका घरापुरता पंथच आहे तो.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याच्या चाळीस दिवसांच्या नमाजी कबूल होत नाहीत, असा इशारा दिला आहे. एवढे असूनही आपल्या मोहल्ल्यांतल्या भिंतींवर ‘हर काम की गॅरंटी’ची भित्तीपत्रके लागतात आणि आपण त्यांच्यासमोरून जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. त्याखाली नोंदलेला पहिलाच गुन्हा आपल्या मराठवाड्यातला, नांदेडचा. आरोपी दोघे मुसलमान होते. दैवी शक्तीने कर्करोग, मधुमेह, एड्स बरे करतो, अशी जाहिरात केल्याबद्दल तो गुन्हा होता. त्या वेळी काहींना वाटले, हा कायदा आपल्यावरच आला. मला वाटते, पहिली तक्रार आपल्यातून जायला हवी होती.

जून २०२२ मधले मिरजजवळचे म्हैसाळ आठवा. एकाच कुटुंबातले नऊ जण मृत सापडले. आधी सगळ्यांना वाटले, कर्जापायी सामूहिक आत्महत्या. पुढे पोलिसांनी गुप्तधनाचे आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकाला आणि त्याच्या साथीदाराला विष दिल्याच्या आरोपाखाली अटक केली. कुटुंब हिंदू होते, मांत्रिक सोलापूरचा, नावाने मुसलमान. फसवणाऱ्याला आणि फसणाऱ्याला धर्म आडवा येत नाही. जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये आसारामला अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. ती मुलगी त्याच्याच भक्ताची होती, आणि तिला अंगात भूतबाधा आहे असे सांगूनच त्याच्यापुढे नेले होते.

२०१३ च्या त्या कायद्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. भूत काढण्याच्या नावाने मारणे, साखळीने बांधणे, मिरचीचा धूर देणे, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे, हे सारे त्यात येते. आणि ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी हेही सांगतो की, घरी, मंदिरात, दर्ग्यात होणारी प्रार्थना, उपासना, यात्रा यांना हा कायदा हात लावत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आजार मनाचा असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येते. या सेवेत मराठी येणारी माणसेही आहेत. दुआ जरूर करा, दम करून घ्या, गोळी बंद करू नका.

‘आपल्याकडेही बैअत असतेच की’

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. सूफींच्या सिलसिल्यांत मुरीद पीराच्या हातावर बैअत करतो. मग फरक काय?

फरक पाहायला खुल्ताबादला जावे. हजरत निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले, ते तिथे विसावले आहेत. त्यांच्या मजलिसीत जे बोलणे होई ते मुरीदांनी लिहून ठेवले. हम्माद काशानींचे ‘अहसनुल अक्वाल’, रुकनुद्दीन काशानींचे ‘नफाइसुल अन्फास’. सहा-सातशे वर्षांनंतर आजही अभ्यासक ते वाचतात. म्हणजे पीर काय शिकवतात ते लिहिण्याची, वाचण्याची, दुसऱ्याला दाखवण्याची मोकळीक होती. मुरीद बाजारात दुकान चालवत, शेत पाहत, बायकामुलांत राहत. ज्या दरवाजातून आत जाता येते, त्याच दरवाजातून बाहेरही येता येत होते.

आणि हुकूम मानण्याची हद्द तर खुद्द प्रेषितांनी (सल्ल.) घालून दिली आहे. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हा प्रसंग आहे. एका तुकडीवर नेमलेला सेनापती रागावला. त्याने लोकांना लाकडे गोळा करायला लावली, आग पेटवायला लावली, आणि म्हणाला, माझा हुकूम मानायचा तुम्हाला आदेश आहे ना? मग शिरा आत. काही जण पुढेही झाले. मग एकमेकांकडे पाहून म्हणाले, आगीपासून वाचण्यासाठीच तर आपण प्रेषितांकडे आलो. तेवढ्यात आग विझली, त्याचा रागही उतरला. परत आल्यावर प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की, शिरला असता तर त्यातून कधी बाहेर आला नसता, हुकूम मानायचा तो फक्त भल्या कामात. नेमणूक खरी होती, हुकूम देणारा खरा सेनापती होता, तरीही. जो आज ‘प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी’ म्हणतो, तो स्वतःला त्या सेनापतीपेक्षा मोठा समजतो की काय?

हा प्रसंग आपल्या मकतबांतून मुलांना सांगितला पाहिजे. वुजूचे फर्ज पाठ होतात तसाच हाही पाठ व्हावा. जुम्म्याच्या बयानानंतर अर्धा तास तरुणांनी काहीही विचारावे आणि कुणी रागावू नये, एवढी सोय आपल्या मस्जिद कमिट्यांनी केली तर कितीतरी मुले बाहेर उत्तरे शोधत जाणार नाहीत. आज मस्जिदमध्ये मुलाने प्रश्न विचारला की पहिल्या सफमधले चार जण वळून बघतात. त्या नजरेनेच मुलगा शेवटच्या सफमधल्या गोड बोलणाऱ्या भाईकडे जातो.

कळल्यानंतर घरात काय होते

मुख्य गोष्ट आता सांगतो. मुलाने बैअत केल्याचे घरी कळते. पहिल्या रात्री रडारड होते. दुसऱ्या दिवशी मामा, चुलते, मोहल्ल्यातले दोन मातब्बर बसतात. तिसऱ्या दिवशी वडील म्हणतात, ‘आजपासून तू मला मेलास.’ मग जमातीत ठराव होतो की या घराशी कुणी रोटी-बेटी ठेवू नये, मय्यतीला जाऊ नये. सगळ्यांना वाटते, आपण दीनसाठी कठोर झालो.

त्या गटाला नेमके हेच हवे असते. ‘तुझ्या घरचे तुला टाकतील,’ असे त्यांनी मुलाला आधीच सांगून ठेवलेले असते. आपण ते खरे करून दाखवतो. जो पडदा त्यांनी अर्धा ओढला होता तो आपण आपल्या हाताने पूर्ण ओढतो, आणि मग मुलाला परत यायचे म्हटले तरी यायचे कुठे?

शिवाय हा गुन्हाही आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. समाजाच्या नावाने कुणाचे लग्न, दफन, येणे-जाणे, देणे-घेणे बंद पाडले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बैठकीत हात वर करणारेही त्यात अडकतात. निकाहचे आणि मय्यतीचे शरई प्रश्न खरोखर उभे राहतील तेव्हा ते मुफ्तीसाहेबांपुढे न्यावेत, सावकाश, कागदावर. रागाच्या बैठकीत ते सोडवू नयेत.

परत येतात का अशी माणसे? येतात. कोरियाच्या सन म्युंग मून यांच्या पंथावर ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी अनेक वर्षे अभ्यास करून १९८४ मध्ये पुस्तक लिहिले. त्या काळी युरोप-अमेरिकेत या पंथाची एवढी धास्ती होती की लोक म्हणत, त्यांच्या शिबिरात गेलेला माणूस हातचा गेला. बार्कर यांनी मोजले. १९७९ मध्ये लंडनच्या परिसरातल्या शिबिरांना आलेल्या हजारावर लोकांपैकी दहातले नऊ जण सामील झालेच नाहीत. झाले त्यांतलेही बहुतेक दोन वर्षांच्या आत बाहेर पडले. कुणी पळवून आणले नाही, कुणी मारहाण केली नाही. उत्साह ओसरला, आश्वासने फोल निघाली, आणि जायला जागा होती म्हणून ते निघाले.

तेव्हा घरच्यांनी करायचे ते काम उलेमांच्या कामाहून वेगळे आहे. अकीद्यावर वाद घालायचा नाही. त्याची तयारी महिनोन्‌महिन्यांची असते, तुम्ही हराल, आणि तो जिंकल्याच्या खुशीत आणखी घट्ट होईल. तो वाद त्याला मान्य असेल अशा एखाद्या शांत आलिमसमोर पुढे कधीतरी होऊ द्या. तुम्ही त्याला जेवलास का विचारा. बहिणीला त्याच्याशी बोलू द्या. बहुतेक घरांत बहिणीचाच फोन उचलला जातो. त्याच्या शाळेचे दाखले, गुणपत्रके घरात जपून ठेवा, पुढे लागतील. शेताचा तुकडा किंवा घर विकून ‘हिजरत’ करण्याची गोष्ट निघाली तर तिथे मात्र ठाम राहा आणि सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावे आहेत ते तलाठ्याकडून पाहून घ्या. सून आणि नातवंडे त्याच्याबरोबर जाणार असतील तर तिच्या माहेरच्यांना विश्वासात घ्या, तिचा फोन नंबर वेगळा लिहून ठेवा. धमकी, कोंडून ठेवणे, अल्पवयीन मुलाला नेणे असे काही झाले तर तेवढ्या एका गोष्टीसाठी सरळ पोलीस ठाण्यात जा, तिथे अकीद्याची तक्रार करू नका.

आठवड्याचा एक दिवस फोनसाठी ठरवा, समजा रविवार, मगरिबनंतर. पावसाची, मोसंबीच्या भावाची, आजीच्या गुडघ्याची गोष्ट करा आणि ठेवून द्या. त्याने उचलला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा लावा.